हिऱ्याचा लाइट स्कोअर: मार्क वाचायचे कसे, खडा बघायचा कसा

दिवाळीच्या आधी माझा भाचा विट्याहून आला तो थेट माझ्याच घरी. साखरपुडा ठरला होता, अंगठी घ्यायची होती. चप्पल काढता काढताच त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. "मावशी, हे बघ. ह्या खड्याला शंभरपैकी ९८ आहेत आणि ह्याला ९४. ९८ वाला अठरा हजारांनी महाग आहे. घेऊन टाकू ना?"

स्क्रीनवर चार आडव्या पट्ट्या होत्या. ब्रिलियन्स, फायर, स्पार्कल, सिमेट्री. चारही जवळजवळ शेवटपर्यंत भरलेल्या. मी विचारलं, "खडा बघितलास?" तो म्हणाला, "व्हिडिओ बघितला की."

सांगलीच्या सराफ कट्ट्यावर हिरा घ्यायला जाणारी, किंवा सातारा-कराडकडून पुण्याला जाऊन घेणारी बरीच मंडळी आता हाच प्रश्न घेऊन येतात. सोनं आपल्याला कळतं. तोळा, घट, घडणावळ हे शब्द घरातच कानावर पडलेले असतात. हिरा मात्र पहिल्यांदाच घरात येत असतो, आणि म्हणून खडा किती चमकतो याचा यंत्राने दिलेला आकडा, म्हणजे लाइट स्कोअर, फार आधाराचा वाटतो. त्या आकड्यावर किती भार टाकायचा आणि कुठे थांबायचं, हे मी इथे क्रमाने लिहिते आहे.

मी गलाईवाल्यांच्या घरातली. खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी घरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगली, त्यातलंच आमचं एक. वडिलांचं दुकान तमिळनाडूत होतं. पुढे मी मुंबईच्या हिरे बाजारात खडे वेगळे करायचं काम अकरा वर्षं केलं आणि मग सांगलीला परतले. वडिलांच्या दुकानात सोन्याचा कस दाखवणारं एक्स-रेचं मशीन आलं तेव्हा मी कॉलेजात होते. एकदा एका जाडजूड पाटलीवर मशीनने २२ कॅरेट दाखवलं. वडिलांनी पाटली हातात तोलली आणि कानशीने आतल्या बाजूला एक चर पाडला. चरात मशीनने १४ च्या आसपास दाखवलं. मशीन पहिल्यांदाही खोटं बोललं नव्हतं. ते पृष्ठभागाजवळचा अगदी पातळ थर वाचतं, आणि तो थर खरंच २२ चा होता. लाइट स्कोअर हातात आला की मला तो चर आठवतो: ह्या मशीनने नेमकं काय वाचलं?

आधी समजून घ्या, मार्क कशाचे आहेत

हिऱ्यात वरून शिरलेला प्रकाश खालच्या पैलूंवर आपटतो. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ आहे, म्हणजे प्रकाशाला तो खूप वाकवतो. आतून पैलूवर येणारा किरण लंबाशी साधारण २४.४ अंशांपेक्षा जास्त कललेला असेल तर तो पूर्णच्या पूर्ण आत परततो आणि शेवटी वरून आपल्या डोळ्यात येतो. त्याहून कमी कलला असेल तर बराचसा खालून निसटून जातो. कारागिराने कोन कसे राखले यावर सगळा खेळ आहे. आपली जुनी माणसं 'पाणीदार खडा' म्हणायची, ते पाणी पुष्कळसं इथून येतं.

परत आलेला पांढरा उजेड म्हणजे ब्रिलियन्स. त्यातून फुटणारे लाल-निळे-हिरवे ठिपके म्हणजे फायर. खडा किंवा आपण हललो की होणारी उघडझाप म्हणजे स्पार्कल. यंत्र ह्या तिघांना मार्क देतं आणि सोबत पैलूंचा नकाशा किती सारखा आहे तेही सांगतं.

आता महत्त्वाचं. हे मार्क तीन वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि दुकानात तिन्हींना 'लाइट रिपोर्ट'च म्हणतात. पहिल्या वाटेत तुमचाच खडा यंत्रात ठेवून वेगवेगळ्या दिशांनी उजेड टाकतात, फोटो घेतात आणि फोटोंवरून मोजतात. सरीनची आणि जेमेक्सची यंत्रं ह्या जातीची. दुसऱ्या वाटेत खड्याचा त्रिमिती स्कॅन घेऊन किरण कसे फिरतील ते संगणक काढतो. अमेरिकेतल्या एजीएस प्रयोगशाळेने २००५ मध्ये ह्याच पद्धतीवर कटची, म्हणजे पैलू पाडण्याच्या कामाची, श्रेणी द्यायला सुरुवात केली. ती प्रयोगशाळा २०२२ च्या अखेरीस बंद झाली आणि तिची पद्धत जीआयए ह्या दुसऱ्या प्रयोगशाळेकडे गेली. तिसरी वाट सगळ्यात कच्ची. सर्टिफिकेटवरचे चार आकडे गणितात घालायचे आणि उत्तर काढायचं. खडा कुणी बघितलेलाच नसतो.

म्हणून पहिलं काम हे, की मार्क बघण्याआधी तीन गोष्टी विचारा: कुठलं यंत्र, कुणी चालवलं, आणि ह्या खड्यावर प्रत्यक्ष चालवलं की आकड्यांवरून काढलं. उत्तर 'वरून आलंय' एवढंच मिळालं तर तो कागद बाजूला ठेवा आणि तो नाहीच असं समजून पुढे जा.

एका कंपनीचे ९४ आणि दुसऱ्या कंपनीचे ९८ एकमेकांशेजारी ठेवायचे नाहीत. प्रत्येकाचा उजेड वेगळा, पट्टी वेगळी, पास-नापासाची रेघ वेगळी. दोन बोर्डांच्या मार्कांची तुलना करताना आपण जसे थबकतो तसं इथेही थबकायचं. आणि खड्याला दोन यंत्रांचे रिपोर्ट असतील तर विकणारा त्यातला बरा तेवढाच दाखवणार, हे धरून चालायचं.

गोल खडा असेल तर आकडे आधी वाचा

गोल खड्याच्या सर्टिफिकेटवर कोन छापलेले असतात, त्यामुळे तिथे आपण स्वतःही थोडं तपासू शकतो. वरच्या भागाला क्राउन, खालच्या भागाला पॅव्हिलियन आणि वरच्या सपाट पैलूला टेबल म्हणतात. टेबल ५४ ते ५८ टक्के, एकूण खोली ६० ते ६२.५ टक्के, क्राउनचा कोन ३४ ते ३५ अंश, पॅव्हिलियनचा ४०.६ ते ४१ अंश. एवढ्या घरात असलेला खडा सहसा निराश करत नाही. मार्सेल टोल्कोव्स्कीने १९१९ मध्ये गणित करून ३४.५ आणि ४०.७५ हे कोन सांगितले होते, आणि शंभर वर्षांनंतरही आपण त्याच्याच आसपास फिरतो आहोत.

दोन्ही कोन जोडीने वाचायचे. एक चढला तर दुसरा उतरायला हवा. ३५.५ आणि ४१.२ अशी जोडी दिसली तर सावध व्हा. दोन्ही चढलेले असले की टेबलच्या कडेखाली उजेड गळतो आणि वजन पोटात जातं. पैसे अर्ध्या कॅरेटचे द्यायचे आणि वरून खडा ४५ सेंटचा दिसायचा, असं होतं. (एक कॅरेट म्हणजे १०० सेंट, म्हणजे ०.२ ग्रॅम.) जीआयएची 'एक्सलंट' ही श्रेणी बरीच ऐसपैस आहे, अशा जोड्याही तिच्यात बसू शकतात.

ह्या आकड्यांनाही मर्यादा आहेत. जीआयए आठ पैलूंची सरासरी काढते, मग क्राउनचा कोन अर्ध्या अंशाच्या आणि पॅव्हिलियनचा ०.२ अंशाच्या टप्प्यावर आणून छापते. छापलेले ३४.५ म्हणजे आतले आठही पैलू ३४.५ असं नाही. चार आकड्यांवर चालणारं हॉलोवे कट अॅडव्हायझरसारखं साधन म्हणूनच खडे गाळायला वापरायचं असतं. ते बनवणारा गॅरी हॉलोवेही हेच सांगतो.

लाइट स्कोअरही मी तसाच वापरते, चाळणीसारखा. दहा खड्यांपैकी कमी मार्कांचे पाच-सहा बाजूला काढायचे. उरलेल्यांत कोण पहिला आणि कोण तिसरा, हे यंत्राला ठरवू द्यायचं नाही.

चित्र मागा

आकड्यापेक्षा चित्रातून जास्त कळतं. त्यासाठी 'असेट' नावाचा फोटो मागा. त्यात खड्यावर रंगीत प्रकाशाचा घुमट ठेवतात. लाल म्हणजे वरच्या बाजूच्या उजेडातून परत येणारं तेज, हिरवं म्हणजे कडेच्या खालच्या उजेडातून येणारं, निळं म्हणजे बघणाऱ्याच्या डोक्याने अडवलेली जागा, आणि पांढरं किंवा काळं म्हणजे गळती. चांगल्या गोल खड्यात लाल भरपूर दिसतं, निळं बाणांच्या आकारात नीट आखलेलं असतं, हिरवं तुकड्यातुकड्यांत असतं आणि गळती नावालाच. हे साधन हातात मावेल एवढं असतं. आपल्याकडच्या बहुतेक पेढ्यांवर नसतं, पण खडा मुंबईहून किंवा सुरतेहून मागवताना "असेट फोटो पाठवा" असं सराफांना सांगायला लावा. मिळतो.

खडा हातात घ्या

इथे वेळ द्या. बाकी सगळं अर्ध्या तासात होतं, ह्यालाच एक दुपार जाते.

सांगली-साताऱ्याच्या पेढ्यांवर सुटे मोठे खडे फारसे ठेवत नाहीत, मागवावे लागतात. सराफ ते जांगडवर आणतात, म्हणजे पसंत पडला तर घ्यायचा, नाहीतर परत. विचारायला संकोच करू नका, हा धंद्यातला रोजचा व्यवहार आहे. एकदम दोन किंवा तीन खडे मागवा. एकटा खडा कुणालाही सुंदरच वाटतो.

पेढीतले छताचे छोटे प्रखर दिवे हिऱ्यासाठीच लावलेले असतात. त्यांच्याखाली मध्यम खडासुद्धा पेटतो, कारण बारीक टोकदार उजेडात फायर फुटते. तिथे बघा आणि मग तिथून हला. काउंटरच्या आडोशाला सावलीत बघा. साध्या ट्यूबलाइटखाली बघा. दारापाशी जा, पण थेट उन्हात नको. भर उन्हात भला खडाही काळपट दिसतो आणि मधूनमधून ठिणग्या टाकतो. सावलीतला आकाशाचा उजेड सगळ्यात प्रामाणिक. तुमच्या घरचा, ऑफिसातला, लग्नाच्या हॉलमधला उजेड आठवा. अंगठी तिथे घातली जाणार आहे.

पांढऱ्या कागदाची घडी घालून तिच्या खाचेत खडा बसवा, टेबलचा पैलू वरच्या बाजूला. आधी हात लांब करून बघा, मग हळूहळू वीत-दीड वीतेवर आणा. जवळ आणताना तुमचं डोकं वरचा उजेड अडवतं आणि तुमचीच सावली खड्यात उतरते. चांगल्या गोल खड्यात ती बाणांमध्ये वाटली जाते. खालचा भाग फार खोल असेल तर मधोमध खिळ्याच्या डोक्यासारखा काळा डाग उठतो. फार उथळ असेल तर टेबलाच्या आत कडेने करडी कडी दिसते. आता खडा उजवीकडे-डावीकडे सावकाश कलता करा. काळं आणि पांढरं जागा बदलत राहिलं पाहिजे. एखादा भाग कुठूनही बघा काळाच राहत असेल तर तो मेलेला.

कराडच्या एका ओळखीच्या बाईंनी लेकीसाठी ओव्हल खडा ऑनलाइन घेतला. रिपोर्टवर सगळ्या पट्ट्या वरच्या श्रेणीत. मला दाखवायला आणला तेव्हा आम्ही ओसरीत बसलो होतो, दुपारचे चार वाजले असतील. मी खडा कागदावर ठेवला आणि वाकले, तशी मधोमध आडवी काळी गाठ उमटली, गळ्यातल्या बो-टायसारखी. मान मागे घेतली की ती फिकट व्हायची, पुढे वाकलं की परत यायची. बाईंनी मला न विचारता खडा उचलून खिडकीशी नेला, तिथेही तेच. त्या रिपोर्टचं म्हणणं एवढंच होतं की खडा एकंदरीत भरपूर उजेड परत करतो. अंधार कुठे साठला आहे हे सरासरी सांगत नाही, आणि यंत्रासमोर त्यांच्या लेकीचं डोकं वाकलेलं नव्हतं. विकणाऱ्याकडे परत घ्यायची मुदत दहा दिवसांची होती आणि ती संपून गेली होती. मला फार वाईट वाटलं, कारण हे बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

म्हणून ओव्हल, पेअर, मार्कीज अशा लांबट खड्यांच्या बाबतीत माझा नियम कडक आहे. हातात घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. गोल खड्याला जीआयए २००६ पासून कटची श्रेणी देते, लांबट खड्यांच्या बहुतेक सर्टिफिकेटांवर ती नसते. त्यामुळे तिथे लाइट स्कोअरला जास्तच महत्त्व चढतं आणि तिथेच तो जास्त फसवा ठरू शकतो. थोडी गाठ बहुतेक ओव्हलमध्ये असते. खडा हलवल्यावर ती विरघळते की तशीच बसून राहते, हे बघायचं.

अदलाबदल करून ओळखा

भाच्याला घेऊन मी सराफ कट्ट्यावर गेले. दोन्ही खडे तिथल्याच एका पेढीने मागवले होते. वरचं सगळं केल्यावर मी पेढीवरच्या काकांना म्हटलं, "काका, ह्याला तोंड फिरवू द्या, तुम्ही पुड्या मागेपुढे करा." भाच्याने पाच वेळा ओळखायचा प्रयत्न केला. दोनदा बरोबर, तीनदा चूक. शेवटच्या वेळी तर ९४ वाल्याकडे बोट दाखवून "हाच जास्त चमकतोय, हा ९८" असं तो छातीठोकपणे म्हणाला. काकांनी पुडी उलटी करून नंबर दाखवला.

हे तुम्हीही करा. सराफांना वावगं वाटत नाही, उलट त्यांनाही बघायला आवडतं. ज्या फरकाचे पैसे द्यायचे तो फरक मार्क झाकल्यावर डोळ्याला दिसला पाहिजे. दिसला तर जरूर द्या, त्यात चूक नाही. कुणाकुणाची नजर बारीक असते. माझ्यासोबत मुंबईत काम करणारी एक बाई असे फरक हमखास सांगायची.

मार्कांत न येणाऱ्या गोष्टी

हिरा खाणीतला की प्रयोगशाळेतला, हे लाइट स्कोअर सांगत नाही. दोन्हींचा अपवर्तनांक तोच, चमक तीच, त्यामुळे मार्कही तसेच पडतात. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. पेढीवरचं पेनासारखं टेस्टरही उष्णता वाहण्यावर चालतं. त्याला हे दोन वेगळे कळत नाहीत, आणि साध्या टेस्टरला मॉइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा दुसराच खडाही हिराच वाटतो. म्हणून जीआयए किंवा आयजीआयसारख्या प्रयोगशाळेचं मूळ सर्टिफिकेट हवंच. त्यावर 'नॅचरल' की 'लॅबग्रोन' ते वाचा आणि सर्टिफिकेटचा नंबर त्या प्रयोगशाळेच्या वेबसाइटवर स्वतः टाकून बघा. गर्डल म्हणजे खड्याच्या कमरेची कड. तिच्यावर बारीक नंबर कोरलेला असेल तर दहापटीच्या भिंगातून तो दाखवायला सांगा. पहिल्यांदा दिसायला वेळ लागतो; भिंग डोळ्याला चिकटवून खडा पुढेमागे करत राहा.

फ्लोरोसन्सची, म्हणजे अतिनील प्रकाशात खडा किती उजळतो त्याची, ओळ वाचा. 'स्ट्राँग' लिहिलेले बरेच खडे ठीक असतात, काही मात्र दिवसाच्या उजेडात दुधाळ, तेलकट दिसतात. तसंच बारीक ढगांनी भरलेल्या खड्याचं. कोन उत्तम असले तरी आतून धुरकट दिसतो. शेजारी स्वच्छ खडा ठेवलात की लगेच कळतं.

सोन्यावरचा हॉलमार्क आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी सोन्याच्या शुद्धतेपुरता असतो. त्याने हिऱ्याबद्दल काही सिद्ध होत नाही.

पैसे आणि बिल

बिलावर खड्याचं वजन, रंग, क्लॅरिटी (आतली स्वच्छता), सर्टिफिकेट नंबर, नॅचरल की लॅबग्रोन, सोन्याचं निव्वळ वजन, घडणावळ आणि जीएसटी वेगवेगळं लिहून घ्या. खड्याचं वजन सोन्याच्या भावात मोजलं नाही ना, हेही बघा. परत घ्यायची किंवा बदलून द्यायची अट तोंडी चालत नाही. किती टक्के, कशाच्या भावावर, किती मुदतीत, हे छापील हवं. आणि सराफांना सरळ विचारा: "उद्या हा खडा परत आणला तर लाइट स्कोअरचे पैसे धरणार का?" बहुतेकजण खरं सांगतात की धरणार नाही, रंग, क्लॅरिटी, वजन आणि सर्टिफिकेट बघतील. मग तो जादा पैसा फक्त तुमच्या डोळ्याच्या सुखासाठी आहे हे समजून द्या.

भाच्याने ९४ वाला घेतला. उरलेल्या अठरा हजारांत सहा आकड्यांची, म्हणजे खडा धरून ठेवणाऱ्या सहा नख्यांची, मजबूत बैठक करून घेतली. मुलगी गव्हाच्या, ऊस-द्राक्षाच्या घरात जाणार, हात कामात राहणार, तेव्हा चार आकडे मला कमीच वाटत होते.

अंगठी घरी आणताना आणि आणल्यावर

खडा बसवायला देण्याआधी गर्डलवरचा नंबर भिंगातून बघून घ्या, आणि अंगठी तयार झाल्यावर परत बघा. नंबर आकड्याखाली झाकला जाणार नाही असा बसवायला आधीच सांगा.

यंत्राने खडा मोजला तेव्हा तो लख्ख धुतलेला होता. तुमच्या बोटावर त्याला तेल, साबण, कणिक, हँडक्रीम लागणार. खालच्या पैलूंवर तेलाचा थर बसला की आत परतणारा उजेड निसटायला लागतो आणि ९८ चा खडाही महिन्याभरात मंद होतो. भांड्याच्या साबणाचे दोन थेंब कोमट पाण्यात टाका, अंगठी पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, लहान मुलांच्या मऊ ब्रशने खडा मागच्या बाजूने घासा. वरचा पैलू सगळे पुसतात, मागचा भाग विसरतात. बेसिनच्या भोकावर गाळणी ठेवा, मगच धुवा. आणि वर्षातून एकदा पेढीवर नेऊन आकडे हलत नाहीत ना ते तपासून घ्या.